तारेतला ऑपेरा, मेणावरचा आवाज

वर्गणी भरावी, घरबसल्या गाणे ऐकावे आणि वर्गणी थांबताच हाती काहीच उरू नये, ही व्यवस्था स्मार्टफोनने आणली असा आपला समज असतो. वस्तुतः तिचा आरंभ एकोणिसाव्या शतकातील पॅरिसमध्ये झाला. आजचा धागा त्याविषयी.

१८८१ च्या विद्युत प्रदर्शनासाठी क्लेमाँ आदेर या अभियंत्याने पॅरिसच्या ऑपेरागृहात रंगमंचाच्या पुढील कडेला ध्वनिग्राहक बसवले आणि टेलिफोनच्या तारांनी ते प्रदर्शनाच्या दालनाशी जोडले. श्रोता दोन कानांना दोन स्वतंत्र श्रवणयंत्रे लावी. त्यामुळे गायक डावीकडे आहे की उजवीकडे, हेही जाणवे. (होय, १८८१ मध्ये!) १८९० मध्ये ‘थिएत्रोफोन’ कंपनी स्थापन झाली. हॉटेलांत ५० सांतीमचे नाणे टाकून पाच मिनिटे ऐकता येई. सधनांच्या घरी वर्गणीवर जोडणी मिळे. दम्याने ग्रासलेले कादंबरीकार मार्सेल प्रूस्त १९११ मध्ये तिचे वर्गणीदार झाले आणि घरात राहून देब्यूसीचा ऑपेरा ऐकू लागले. अशा श्रोत्यासाठी ही केवळ चैन नव्हती, हे मान्य केले पाहिजे.

१९३२ मध्ये सेवा बंद पडली. त्या तारांतून चार दशके जे वाहिले, त्यातील एक स्वरही साठवण्याची सोय त्या यंत्रात नव्हती.

आता त्याच काळातील न्यूयॉर्क. तेथील मेट्रोपॉलिटन ऑपेराचे ग्रंथपाल लायोनेल मॅपलसन यांनी १९०० मध्ये एडिसनचा फोनोग्राफ विकत घेतला आणि चालू प्रयोगांतील दोन-दोन मिनिटांचे तुकडे मेणाच्या नळकांड्यांवर टिपण्यास सुरुवात केली. प्रथम प्रॉम्प्टरच्या खोपटातून, पुढे रंगमंचाच्या वरच्या भागातून. हेतू इतिहासाचा नव्हता. हा निव्वळ हौशी माणसाचा खासगी संग्रह होता. शिवाय मेण मऊ असल्याने प्रत्येक श्रवणागणिक ते झिजत गेले. मालकीनेही नासधूस होतेच.

तरीही जाँ द रेश्के या विख्यात पोलिश गायकाचा आवाज आज केवळ या नळकांड्यांवरच ऐकू येतो. पॅरिसच्या ऑपेरागृहातही ते अनेक वर्षे गायले होते. तेथील गायनाची मात्र वर्णनेच उरली आहेत.

१९८५ मध्ये न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने मॅपलसन यांचा संग्रह एलपी तबकड्यांवर प्रसिद्ध केला. ऐकताना आधी खरखरच येते. मग तिच्या मागून, फार दूरवरून, रेश्के गाऊ लागतात.