मोठ्या टाकीत गोल्डफिश हलवताना पाणी निरोगी कसे राखावे?

काचेच्या गोल भांड्यात वाढलेला गोल्डफिश हौसेने मोठ्या टाकीत सोडला जातो आणि पहिल्या काही आठवड्यांतच दगावतो, हा अनुभव अनेक घरांना येतो. टाकी नवी, पाणी नितळ, खाणेही नेहमीचे; तरीही मासा मलूल होऊन तळाशी बसतो. यात मोठ्या टाकीचा दोष नसतो. माशाने टाकलेली विषारी द्रव्ये पचवणारे जिवाणू नव्या टाकीत अजून वस्तीला आलेले नसतात, हे त्याचे खरे कारण आहे. त्यामुळे स्थलांतर करताना माशाबरोबर ही जिवाणूंची वसाहतही हलवावी लागते.

मोठी टाकी कशासाठी?

गोल्डफिश हा कार्प कुळातील मासा आहे. चीनमध्ये हजार वर्षांपूर्वीपासून तो जोपासला जात आहे. साधा गोल्डफिश पूर्ण वाढल्यावर वीतभर लांब होऊ शकतो आणि चांगली निगा राखल्यास दहा वर्षांहून अधिक जगतो. तो भरपूर खातो आणि तितकीच घाण करतो. दहा लिटरच्या भांड्यात साचणारे विष शंभर लिटर पाण्यात एक दशांश इतके विरळ होते. 90 सेंमी लांब, 45 सेंमी रुंद आणि 45 सेंमी उंच टाकीत काठोकाठ सुमारे 182 लिटर पाणी मावते. या पाण्याचे वजनच 182 किलो भरते. म्हणून टाकीखालचे टेबल भक्कम आणि समतल असावे.

न दिसणारे चक्र

मासा मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले खाणे आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो. जिवाणूंचा एक गट त्याचे रूपांतर नायट्राइटमध्ये करतो. हा पदार्थही घातक असतो. तो रक्तात शिरला की रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते. दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट करतो. नायट्रेट तुलनेने सौम्य असून पाणी बदलून ते कमी करता येते. नव्या टाकीत हे दोन्ही गट पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. माशांचे सर्वाधिक मृत्यू याच काळात होतात.

वसाहत हलवावी कशी?

जुने पाणी नव्या टाकीत ओतले की काम भागते, असा समज आहे. प्रत्यक्षात हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते फिल्टरचा स्पंज, खडी आणि वनस्पतींच्या पानांना चिकटून राहतात. म्हणून जुन्या फिल्टरचा स्पंज ओला ठेवूनच नव्या फिल्टरमध्ये बसवावा किंवा दोन्ही फिल्टर नव्या टाकीत काही आठवडे एकत्र चालवावेत. जुनी खडी जाळीच्या पिशवीत भरून टाकीत ठेवावी. स्पंज नळाखाली धुऊ नये, कारण क्लोरीनमुळे जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो हलकेच पिळावा. आधी फिल्टर नसेल, तर ओळखीच्या घरच्या निरोगी टाकीतील स्पंजचा तुकडा मागून आणावा.

नळाचे पाणी, विहिरीचे पाणी

गोव्यात ओपा, साळावली, अस्नोडा आदी जलशुद्धीकरण प्रकल्पांतून येणाऱ्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. ते माशाचे कल्ले जाळते. पाणी उघड्या बादलीत एअर पंप लावून 24 तास ठेवल्यास क्लोरीन उडून जातो. घाई असल्यास मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारे ‘अँटी-क्लोरीन’ वेष्टनावरील प्रमाणात वापरावे.

विहिरीच्या पाण्याची अडचण वेगळी असते. जांभ्या दगडाच्या भागात हे पाणी बहुधा मृदू आणि किंचित आम्लधर्मी असते. त्यात प्राणवायूही कमी असू शकतो. म्हणून तेही आधी ढवळून किंवा पंप लावून ठेवावे. जिवाणूंच्या कामामुळे पाण्याचा सामू हळूहळू उतरतो. मृदू पाण्यात तो फार खाली गेला की जिवाणूंचे काम मंदावते. तिसऱ्यांची शिंपले उकळून, घासून, वाळवून त्यांची छोटी पुरचुंडी फिल्टरमध्ये ठेवल्यास सामू सावरतो.

सामूचा आणखी एक धोका लक्षात घ्यावा. आम्लधर्मी पाण्यात अमोनिया बराचसा निरुपद्रवी रूपात राहतो. सामू 7 वरून 8 वर गेला की त्याचा विषारी अंश सुमारे नऊ पट होतो. साचलेल्या जुन्या पाण्यात एकदम ताजे पाणी ओतल्यावर मासा तडफडतो, त्यामागे अनेकदा हेच कारण असते.

हलवण्याचा दिवस

नवी टाकी भरून फिल्टर आणि एअर पंप सुरू करावेत. मासा जुन्या पाण्यासह पिशवीत घेऊन ती पिशवी टाकीत पंधरा-वीस मिनिटे तरंगत ठेवावी, म्हणजे तापमान जुळते. मग अर्धा-पाऊण तास थोडे थोडे टाकीचे पाणी पिशवीत घालत राहावे. शेवटी मासा अलगद जाळीने उचलून सोडावा. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये. जुना स्पंजही त्याच तासाभरात हलवावा. त्या दिवशी खाणे देऊ नये.

पहिले दीड महिने

दिवसातून एकदाच, दोन मिनिटांत संपेल इतके खाणे द्यावे. दुकानात मिळणाऱ्या थेंबांच्या चाचणी संचाने अमोनिया आणि नायट्राइट दिवसाआड तपासावे. दोहोंपैकी काहीही लिटरला 0.25 मिलिग्रॅमवर गेले, तर क्लोरीनमुक्त पाण्याने टाकीतील एक चतुर्थांश ते एक तृतीयांश पाणी बदलावे. मासा पृष्ठभागाशी येऊन धापा टाकत असेल, तर चाचणीची वाट न पाहता पाणी बदलावे आणि पंपाचा जोर वाढवावा.

उन्हाळ्यात विशेष सावध राहावे. 20 अंश तापमानाच्या पाण्यात लिटरला सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो; 30 अंशांवर तो साडेसात मिलिग्रॅमपर्यंत उतरतो. पावसाळ्यात वीज कित्येक तास गेल्यास बंद फिल्टरमधील जिवाणू प्राणवायूअभावी मरू लागतात. अशा वेळी फिल्टर उघडून स्पंज टाकीच्या पाण्यातच ठेवावा.

अमोनिया आणि नायट्राइट सलग आठवडाभर शून्य, आणि नायट्रेट मात्र दिसू लागले, की टाकी स्थिरावली असे समजावे. त्यानंतर दर आठवड्याला एक चतुर्थांश पाणी बदलणे पुरेसे होते. काढलेले पाणी झाडांना घालावे. नायट्रेटमुळे ते खताचे काम करते. टाकी नकोशी झाली, तरी गोल्डफिश तळ्यात किंवा ओहोळात सोडू नये. तो तेथील पाणी गढूळ करतो आणि स्थानिक माशांची अंडी खातो.