त्रिरश्मी लेणी : डोंगरावरचा निवास कसा असावा?

डोंगरावर ध्यान केंद्र किंवा अतिथिनिवास उभारण्याचा विचार आज आपल्या समाजात अनेक ठिकाणी होतो. देणगी बांधकामासाठी जमते. पाणी आणि देखभालीचा प्रश्न मात्र नंतर उभा राहतो. नाशिकच्या त्रिरश्मी लेणीतील क्रमांक १० चे लेणे याबाबत आपल्याला बरेच शिकवते.

सुमारे १,९०० वर्षांपूर्वी क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने हे लेणे कोरवून घेतले. शिलालेखानुसार ते चारही दिशांच्या, म्हणजे 'चातुद्दिस' भिक्खुसंघाला दान दिले आहे.

रचना : पुढे खांबांचा व्हरांडा, आत मोकळा मंडप आणि तिन्ही बाजूंना लहान खोल्या. खोलीत निजण्यापुरता दगडी ओटा. शिलालेखांत खोलीला 'ओवरक' म्हटले आहे; आपली 'ओवरी' त्याच कुळातली. उषवदाताची पत्नी दक्षमित्रा हिनेही येथे ओवरक दान केला. जाड कातळामुळे उन्हाळ्यातही आत गारवा राहतो.

पाणी : लेण्यासोबतच 'पोढी', म्हणजे कातळात खोदलेल्या पाण्याच्या टाक्या केल्याची नोंद शिलालेखात आहे.

देखभाल : उषवदाताने ३,००० कार्षापण कायमची ठेव म्हणून दिले. त्यांपैकी २,००० गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा १ व्याजाने ठेवले. वर्षाला २४० कार्षापण व्याज येई. त्यातून वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ मिळत. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे, अशी अट होती.

आज कातळ कोरण्याची गरज नाही, पण हिशेबाची आहे. १० माणसांना रोज ५० लिटर धरले तर पावसाळ्यानंतरच्या २४० दिवसांना १,२०,००० लिटर पाणी लागते. १०० चौरस मीटर छपरावर १,००० मिलिमीटर पाऊस पडला, तर गळती वगळण्याआधी १,००,००० लिटर मिळते. म्हणजे टाकी किती मोठी आणि माणसे किती, हे नकाशा काढण्याआधीच ठरते.

म्हणून आमचे म्हणणे असे : खोल्या कमी बांधाव्यात, स्थानिक दगड-माती वापरावी, पाण्याची टाकी आधी करावी आणि देणगीचा एक भाग ठेव म्हणून राखावा. नाहीतर फरशी चकचकीत राहील आणि उन्हाळ्यात दाराला कुलूप लागेल.