ट्रकचा हौदा आणि एक न वाचलेला कागद

मार्च २०२३ ची गोष्ट. अयोध्येच्या राममंदिरासाठी आमच्या बल्लारपूरहून सागवान निघालं, तेव्हा गावात केवढी गर्दी! काष्ठपूजन झालं, शोभायात्रा निघाली. नातवाला घेऊन मीही गेलो होतो. सगळे लाकडाकडे बघत होते आणि मी वाकून ट्रकच्या हौद्याखाली बघत होतो. नातू म्हणाला, "आजोबा, खाली काय हरवलं?"

त्याला तिथे उत्तर देता आलं नाही, म्हणून आज इथे देतो. थोडं लांबण लागेल, पण जन्मभर मास्तरकी केलेल्या माणसाला तेवढी सूट द्या.

बल्लारपूर ही गोंड राजांची जुनी राजधानी, हे मी वर्गात कितीदा शिकवलं असेल! १९२९ साली बल्लारशाह ते काझीपेठ हा रेल्वेचा दुवा जोडला गेला आणि उत्तर-दक्षिण वाट खुली झाली, हेही शिकवलं. पण जंगलातलं लाकूड स्टेशनापर्यंत कसं यायचं, हे कधी शिकवलं नाही, कारण ते पुस्तकात नव्हतं. आलापल्लीच्या बाजूला वनखात्याचे हत्ती लठ्ठे ओढायचे. पुढची वाट बैलगाडीची. आणि ती गाडी करणारा सुतार. आमचे बाबा त्यांतलेच एक, हे घरच्यांना सांगायला नको. लोखंडी धाव तापवून चाकावर चढवायची आणि पाणी ओतून आवळायची, हा सोहळा मी लहानपणी डोळे भरून पाहिला आहे.

मग ट्रक आले. टेल्कोने १९५४ साली जर्मनीच्या डेमलर-बेंझबरोबर जमशेदपूरला ट्रक बांधायला सुरुवात केली. तोंडावर तीन टोकांचा तारा असलेले ते 'मर्सिडीज' ट्रक जुन्या वाचकांना आठवत असतील. पण मंडळी, एक गोष्ट आपण विसरतो. कारखान्यातून यायचा तो अर्धाच ट्रक! इंजिन, चाकं, चेसिस, पुढे बॉनेट आणि काच, बस्स. ना केबिन, ना हौदा. डोक्याला टॉवेल गुंडाळून, उघड्यावर बसून ड्रायव्हर तो सांगाडा शेकडो मैल चालवत आणायचा. उरलेला अर्धा ट्रक गावोगावचे सुतार आणि लोहार बांधायचे. पुढच्या अर्ध्यावर कंपनीचं नाव ठसठशीत. मागच्या अर्ध्यावर बांधणाऱ्याचं नाव असलंच तर फाळक्याच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात.

बाबांनी गाडीचं शहाणपण ट्रकला लावलं. चेसिस आणि हौदा यांच्यामध्ये कठीण लाकडाची पट्टी घालायची, म्हणजे लोखंडावर लोखंड घासत नाही आणि हादरे लाकूड सोसतं. चेसिसच्या वरच्या-खालच्या कडेला भोक पाडायचं नाही, यू-बोल्टने आवळायचं, कारण भोकापासूनच चीर जाते. लठ्ठ्यांच्या गाडीला बाजूचे फाळके निघणारे हवेत आणि उभे खुंटे भक्कम हवेत, कारण लठ्ठे घरंगळले की माणूस बघत नाहीत.

१९७३ साली एका ठेकेदाराने टिपर बांधायला दिला. फांद्या, साल, सरपण असा माल हातांनी उतरवण्यात दिवस जायचा. टिपर असला की हौदा उचलला, माल खाली! इंजिनाच्या जोरावर पंप चालतो, पंप तेल ढकलतो, तेल जॅकचा दांडा वर सारतं आणि मागच्या बिजागरीवर हौदा कलतो. फांद्या वजनाला हलक्या पण जागा फार खातात, म्हणून बाबांनी बाजू उंच करून वर जाळी बसवली. आतून एकही बोल्ट वर राहू दिला नाही, नाहीतर फांदी अडकते, माल सरकत नाही, ड्रायव्हर उचललेल्या हौद्यानिशी गाडीला हिसके देतो आणि गाडी कलंडते. ओल्या सालीने लोखंड काळं पडतं, गंजतं. म्हणून तळाला पाणी निघायला भोकं, आणि पावसाळ्यात हौदा रोज झाडून घ्यायचा. बिजागरीच्या पिनांना आठवड्याला ग्रीस.

हे सगळं बाबांना आपोआप सुचलं. पण जॅक आणि पंप ही नवी वस्तू होती. त्या खोक्यात इंग्रजीत छापलेला एक कागद होता. बाबांनी तो माझ्यापुढे धरला. "बाबू, का लिवलं हाये याच्यात? वाचून सांग ना गा."

मी नुकताच बी.ए. झालेला, तोही मराठी माध्यमातून. इंग्रजीचा पेपर कसाबसा सुटला होता. कागदावर निम्मे शब्द अनोळखी! दुकानात चार माणसं उभी. बी.ए. पोराला कागद वाचता येत नाही, असं कसं दिसलं असतं? मी म्हणालो, "रात्री नीट वाचून सांगतो." कागद खिशात गेला. मग पुस्तकात, मग ट्रंकेत.

पुढच्या पावसाळ्यात तो टिपर ग्रीसिंगला आला. हौदा वर उचलून दादा खाली शिरला. केबिनमध्ये बसलेल्या क्लीनरचा धक्का लिव्हरला लागला. हौदा बसायला किती वेळ लागतो? तुम्ही 'अरे' म्हणेपर्यंत. दादाचा उजवा हात कोपरापासून गेला.

दवाखान्यातून घरी आलो त्या रात्री ट्रंक उघडली, शब्दकोश घेतला आणि तो कागद वाचला. तासभरही लागला नाही. उचललेल्या हौद्याला आधार दिल्याशिवाय कोणीही खाली जाऊ नये, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं.

मी बाबांना तो वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी धावड्याच्या लाकडाचा जाड टेकू घडवला, लाल रंगवला आणि साखळीने चेसिसला टांगला. मग ब्रश माझ्या हातात दिला. "लिव. मराठीत लिव."

मी लिहिलं: 'टेकू लावल्याशिवाय हौद्याखाली जाऊ नये.' त्यानंतर आमच्या दुकानातून गेलेल्या प्रत्येक टिपरला बाबांनी टेकू फुकट दिला आणि ती ओळ मीच लिहिली. शाळेत लागल्यावरसुद्धा, रविवारी.

पुढे काळ बदलला. १९८० चा वनसंवर्धन कायदा आला. १२ डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाने केंद्राच्या परवानगीशिवाय जंगलात चालणाऱ्या आरागिरण्या बंद करायला सांगितल्या. लाकूड महागलं, हौदे पत्र्याचे झाले, सुताराची जागा वेल्डरने घेतली. आता तर तयार हौद्यासकट टिपर कारखान्यातून येतात. बाबांचं दुकान १९९८ साली बंद झालं.

दादा २०११ साली गेला. डाव्या हाताने सही करायला तो माझ्याच पाटीवर शिकला. कागदाची गोष्ट त्याला माहीत होती की नाही, मला ठाऊक नाही. बाबांनी सांगितली नसावी. मी तर नाहीच सांगितली. दादाची मुलं हे वाचतील, म्हणून आज लिहून टाकतो आहे. जे बोलायचं असेल ते मोकळेपणी बोला, ऐकायची तयारी आहे.

तर नातवा, मी खाली काय बघत होतो? ती लठ्ठ्यांची गाडी होती, टिपर नव्हता. तिथे टेकू असायचं कारणच नव्हतं. तरी नजर जाते. एकतीस वर्षं फळ्यावर किती लिहिलं आणि किती पुसलं! पण माझ्या हातची कामाची ओळ तेवढी एकच, आणि ती लिहायला मला एक पावसाळा उशीर झाला.