न वाचलेली पानं

नगरच्या आमच्या घरात शुक्रवारी दिवेलागणीला आजी दिवे लावायची आणि आजोबा डोक्यावर टोपी चढवून एकटेच प्रार्थनेला उभे राहायचे. वाचता वाचता मध्येच दोन-तीन पानं ते तशीच उलटायचे. मी विचारलं, तर म्हणाले, "ही दहा पुरुष असल्याशिवाय वाचायची नसतात, बाळा. नगरात दहा कुठून आणू?"

आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. आजोबा रेल्वेत होते, म्हणून आमचं बिऱ्हाड नगरला. मोठ्या सणाला दौंडला गाडी बदलून पुणं गाठायचं. एरवी आमचा समाज आजोबांच्या गोष्टींतच भेटायचा.

गोष्टीत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटायचं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचायच्या. पोथ्या समुद्रात गेल्या, 'शमा इस्राएल' ही प्रार्थना तेवढी ओठांवर उरली. कोकणात त्यांनी तेलाचे घाणे घातले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावानं त्यांना 'शनिवार तेली' म्हटलं. ज्या गावात राहिले त्या गावाचं आडनाव लागलं: पेणकर, रोहेकर, दिवेकर. पुढं डेव्हिड रहाबी नावाचे ज्यू गृहस्थ आले. त्यांनी बायकांपुढं मासळी ठेवली, तर बायकांनी खवले-पर असलेली, म्हणजे ज्यूंना चालणारी, तेवढीच वेगळी काढली. रहाबींनी ओळखलं, ही आपलीच माणसं. इथं आजी हमखास म्हणायची, "पोथ्या गेल्या, पण चूल राहिली ना!"

आजोबांचे धाकटे भाऊ इस्रायलला गेले ते दिमोनाला. नेगेवच्या वाळवंटात 1955 साली वसवलेलं हे गाव. आधी उत्तर आफ्रिकेतली कुटुंबं आली, मग आपली. भावाची पत्रं मराठीत यायची. इथला पाऊस नगरपेक्षाही कंजूस, कापडगिरणीत काम मिळालं, शेजारी मुंबईचे, असं त्यांत असायचं. 1962 नंतर, हे खरे ज्यू का, म्हणून तिथं बेने इस्रायलींच्या लग्नांवर शंका घेतली गेली, तेव्हाची पत्रं आजोबा आम्हाला वाचून दाखवायचे नाहीत. आपली माणसं जेरुसलेमच्या रस्त्यावर बसली. 1964 मध्ये तिथल्या संसदेनं सांगितलं, हे इतरांइतकेच ज्यू आहेत. ते पत्र मात्र आजोबांनी दोनदा वाचलं.

आजोबा गेल्यावर पुष्कळ वर्षांनी मी दिमोनाला गेले. मी आले म्हणून चुलतआजोबांच्या घरी मलिदा होता. परातीत भिजवलेले पोहे, त्यात खवलेला नारळ, साखर, वेलची. भोवती पाच फळं आणि गुलाब. एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याचं नाव घेऊन तो वाटायचा. सुना मराठीत भांडत-हसत होत्या, नातवंडं हिब्रूत उत्तरं देत होती. कोपऱ्यात 'मायबोली'चे अंक रचलेले होते. हे मराठी त्रैमासिक इस्रायलमध्येच निघतं.

संध्याकाळी प्रार्थनाघरात गेलो. बायकांच्या बाजूनं मी पुरुष मोजले. दहाच्या पुढं मोजायची गरज राहिली नाही. घर, रोजगार, पाणी सरकारनं दिलं असेल; पण गाव वसतं ते एकमेकांच्या हाकेला दहा माणसं येतात तेव्हा, हे मला तिथं कळलं.

माझ्या हातात आजोबांचं जुनं पुस्तक होतं. ती पानं आली. कडा कोऱ्या करकरीत, बाकी पानांसारखा बोटांचा डाग नाही. पलीकडून सगळे एका सुरात वाचू लागले, आणि मी पान उलटलं नाही.