स्थापत्यविद्येचे सामाईक भांडार



इतिहासावरील व्याख्यान म्हटले की राजे, लढाया आणि तह यांच्या कथा ऐकावयास मिळतील, अशी अपेक्षा घेऊन श्रोते येतात. आज आम्ही ज्या इतिहासाकडे आपले लक्ष वेधणार आहोत, त्यात सिंहासन नाही आणि रणांगणही नाही. त्यात आहेत मोजमापांची टिपणे, नकाशांच्या गुंडाळ्या आणि ग्रंथालयाच्या फळीवर धूळ खात पडलेले अहवाल. परंतु आपण ज्या नळाचे पाणी पितो, ज्या पुलावरून जातो आणि ज्या धरणाच्या पायथ्याशी निश्चिंतपणे झोपतो, त्या सर्वांची भिस्त याच कागदांवर आहे. पूल, कालवे आणि धरणे बांधणारे इंजिनिअर आपल्याजवळचे ज्ञान एकमेकांना कसे देऊ लागले, आणि त्या देवघेवीतून काय निष्पन्न झाले, हा आजचा विषय होय.

जुन्या काळी कारागिराची विद्या घराण्यात राहात असे. चुन्यात काय मिसळावे, कमान कोठवर ताणावी, हे बाप मुलाला सांगे आणि बाहेरच्याला सांगत नसे. यात त्याचा दोष नव्हता. ती विद्या हेच त्याचे पोट होते. परंतु जेथे विद्या लपविली जाते तेथे चुकाही लपविल्या जातात. एकाची पडलेली भिंत दुसऱ्याला काही शिकवीत नाही.

मोठ्या बांधकामांच्या बाबतीत तर ही अडचण फारच तीव्र होते. वैद्याला वर्षात शेकडो रोगी पाहावयास मिळतात. त्याचा अनुभव त्याच्याच हाताखाली वाढतो. इंजिनिअर मात्र साऱ्या आयुष्यात मोठी धरणे बांधून बांधून किती बांधणार? दोन, तीन, फार तर चार. त्यांतील एखादे शंभर वर्षांनी खचले, तर ते पाहावयास तो हयात नसतो. म्हणजे स्वतःच्या अनुभवावर विसंबून हा धंदा चालूच शकत नाही. दुसऱ्याचा अनुभव उसना घ्यावा लागतो, आणि आपला दुसऱ्यासाठी ठेवून जावा लागतो.

ही गोष्ट ज्यांनी लवकर ओळखली त्यांत इंग्लंडचा जॉन स्मीटन हा अग्रगण्य होता. समुद्रातील एडिस्टन खडकावर त्याने १७५६ ते १७५९ या काळात दगडी दीपगृह उभारले. लाटांच्या माऱ्यात टिकणारा चुना त्याला हवा होता. निरनिराळ्या ठिकाणचे चुनखडीचे दगड भाजून त्याने प्रयोग केले, आणि ज्या दगडात मातीचा अंश असतो त्याचा चुना पाण्याखालीही घट्ट होतो, हे त्याला आढळले. जुन्या काळच्या कारागिराने हे गुपित मुठीत ठेवले असते. स्मीटनने १७९१ साली दीपगृहाच्या बांधकामाचा वृत्तांत छापून ते जगाला देऊन टाकले. त्याच्याच पुढाकाराने १७७१ साली लंडनमध्ये इंजिनिअरांची एक मंडळी स्थापन झाली होती. १७९२ साली तो वारला. पुढे या मंडळीच्या खटपटीने त्याचे अहवाल १८१२ साली प्रसिद्ध झाले. कालवे, बंदरे, पूल यांसंबंधी दिलेले अभिप्राय म्हणजे एरव्ही गिऱ्हाइकाच्या दप्तरात कुजून जाणारी कागदपत्रे. ती छापली गेली आणि तरुण इंजिनिअरांचे पाठ्यपुस्तक बनली.

पुढचे पाऊल तरुणांनी टाकले. २ जानेवारी १८१८ रोजी लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरील एका कॉफीगृहात काही थोडे तरुण जमले आणि त्यांनी इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्स ही संस्था काढली. दोन वर्षांनी, १८२० साली, त्यांनी थॉमस टेलफर्ड या नामांकित इंजिनिअराला अध्यक्ष केले. हा गृहस्थ मेंढपाळाचा मुलगा. गवंडीकामापासून वर चढलेला. विद्या मिळविताना किती दारे ठोठवावी लागतात, हे त्याला ठाऊक होते. संस्थेच्या ग्रंथालयाला त्याने पुस्तके दिली. सदस्यांनी आपापल्या कामांची माहिती सभेपुढे मांडावी, असा आग्रह धरला. निबंध वाचावयाचा, त्यावर उपस्थितांनी चर्चा करावयाची, आणि निबंध व चर्चा दोन्ही छापावयाची, अशी जी प्रथा तेथे रुजली तिचे महत्त्व आम्हांस फार वाटते. कारण निबंधात माणूस आपले यश सांगतो. त्यातील उणे काय ते चर्चेतून बाहेर येते.

आता आपल्या देशाकडे वळू. येथे इंग्रजी अमदानीत कालव्यांची प्रचंड कामे निघाली. गंगेचा कालवा १८५४ साली सुरू झाला. सोलानी नदीवरून तो जलसेतूने नेलेला आहे. या कामाला शिकलेली माणसे हवीत म्हणून १८४७ साली रुडकीला कॉलेज निघाले. पुण्याचा इंजिनिअरिंगचा वर्गही १८५४ सालचाच. पुढच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे ते मूळ. परंतु कॉलेजातून बाहेर पडलेला तरुण एखाद्या आडरानातील छावणीत जाऊन पडला, की त्याला विचारावयास कोण होते? ही गरज ओळखून रुडकीहून १८६३ पासून भारतीय इंजिनिअरिंगवरील व्यावसायिक निबंधांची माला प्रसिद्ध होऊ लागली. पंजाबातील पुलाचा अनुभव दूरच्या प्रांतातील अधिकाऱ्याला घरबसल्या वाचावयास मिळू लागला.

येथवरची कथा सरळ चढत्या रेषेसारखी दिसते. परंतु ज्ञान वाटले म्हणजे काम झाले, असे मात्र नाही. ते कसे वाटले जाते, यावर पुष्कळ अवलंबून असते. याची दोन उदाहरणे आम्ही देऊ इच्छितो. दोन्ही उत्तर हिंदुस्थानातील कालव्यांची आहेत.

पहिले उदाहरण गाळाचे. कालव्यात पाणी हळू वाहिले तर गाळ साचून तो भरून येतो. जोराने वाहिले तर तळ खरवडला जातो. मग योग्य वेग कोणता? पंजाबातील आर. जी. केनेडी या इंजिनिअराने अप्पर बारी दोआब कालव्यावरील अशी ठिकाणे निवडली, जेथे वर्षानुवर्षे गाळही साचला नव्हता आणि तळही खोल गेला नव्हता. तेथील पाण्याची खोली आणि वेग मोजून त्याने एक सूत्र बसविले. खोली वाढली की लागणारा वेगही वाढतो, मात्र त्याच प्रमाणात नव्हे, असा त्याचा आशय. १८९५ साली लंडनच्या संस्थेने त्याचा निबंध छापला, आणि जेथे जेथे गाळाच्या मुलखात कालवे निघाले तेथे तेथे हे सूत्र जाऊन पोहोचले.

येथेच गोम होती. सूत्र प्रवासाला निघाले, पण बारी दोआबची वाळू काही त्याच्याबरोबर गेली नाही. वाळूचा कण जाड की बारीक, यावर योग्य वेग ठरतो. केनेडीला स्वतःला याची जाणीव होती. निराळ्या वाळूला आकडा बदलावा लागेल, हे त्याने ओळखले होते. परंतु कोष्टक वापरणाऱ्यांच्या हाती आकडा तेवढा राहतो आणि त्याच्या अटी गळून पडतात. पुढे १९१९ साली लिंडली याने पंजाब इंजिनिअरिंग काँग्रेसपुढे कालव्यांची नवी मोजमापे मांडली; कालव्याची खोलीच नव्हे तर रुंदीही गाळाच्या स्वभावानुसार ठरते, हे दाखविले. १९३० साली जेराल्ड लेसी याने निरनिराळ्या ठिकाणचे आकडे एकत्र करून वाळूच्या कणाला सूत्रात स्थान दिले. मुंबई इलाख्यात नोकरी केलेले आणि पुण्याच्या जलसंशोधन केंद्राचे संचालक झालेले क्लॉड इंग्लिस यांनी नद्या व कालवे यांच्या वर्तनावरील आपला मोठा ग्रंथ १९४९ साली याच केंद्रातर्फे प्रसिद्ध केला. १९१६ साली स्थापन झालेले हे केंद्र आज खडकवासल्याला आहे. या मंडळींना हे साधले, कारण मागच्याने केवळ सूत्र नव्हे, तर त्यामागची मोजमापेही छापून ठेवली होती.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. उत्तरेच्या मैदानात खडक नाही. नदीवरचा बंधारा वाळूवरच बसवावा लागतो. पाणी वरून अडते, पण खालून वाळूतून झिरपते. आणि जेथे ते पुन्हा वर येते तेथे वाळूचे कण उचलून नेऊ लागते. हळूहळू बंधाऱ्याखाली पोकळी होते आणि वरचे बांधकाम खचते. चिनाब नदीवरील खानकीचा बंधारा १८९५ साली असाच बिघडला. तेव्हा ती हकिगत दाबून न ठेवता रुडकीच्या कॉलेजात तेथीलच वाळू आणून तीतून पाणी कसे वाहते याचे प्रयोग करण्यात आले. यामागे जे मूळ तत्त्व होते ते फ्रान्समधील दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याविषयीच्या एका ग्रंथाच्या पुरवणीत हेन्री दार्सी याने १८५६ सालीच नोंदविले होते. एका शहराच्या नळांसाठी केलेला प्रयोग दुसऱ्या खंडातील नदीच्या बंधाऱ्याला उपयोगी पडला, तो केवळ छापला गेला म्हणून.

या अनुभवांवरून ब्लाय याने १९१० च्या सुमारास एक सोपा नियम दिला : झिरपणाऱ्या पाण्याला बांधकामाच्या तळाला चिकटून पुरेशी लांब वाट चालावयास लावा, म्हणजे त्याचा जोर जिरेल. नियम इतका सुटसुटीत होता की तो सर्वत्र वापरला जाऊ लागला. परंतु १९२६-२७ च्या सुमारास अप्पर चिनाब कालव्यावरील, या नियमाप्रमाणे बांधलेल्या काही जलवाहिन्यांना त्रास होऊ लागला. ए. एन. खोसला या भारतीय इंजिनिअराकडे तपासाचे काम आले. त्यांनी बांधकामांखाली नळ्या बसवून पाण्याचा प्रत्यक्ष दाब मोजला, आणि तो ब्लायच्या हिशेबाशी जुळेना. पाणी जेथे बाहेर पडते त्या टोकाशी ते किती जोराने वर येते, हा खरा प्रश्न आहे. तेथे जमिनीत खोल पत्र्यांची भिंत हवी. वाट नुसती लांब असून भागत नाही, असा निष्कर्ष निघाला. बोस आणि टेलर यांच्या साहाय्याने त्यांनी तो गणिताने सिद्ध केला, आणि १९३६ साली मध्यवर्ती पाटबंधारे मंडळाने तो ग्रंथरूपाने छापला. त्यात असे आलेख दिले होते की उच्च गणित न येणाऱ्या इंजिनिअरलाही त्यांवरून दाब काढता यावा. अमेरिकेत लेन याने १९३५ साली दोनशेहून अधिक धरणांची माहिती गोळा करून याच प्रश्नाचा विचार केला होता. त्यात टिकलेली धरणे होती तशी फसलेलीही होती.

या दोन्ही कथांतून आम्ही जो बोध घेतो तो असा. अपूर्ण नियम छापला गेला, याचे वाईट वाटण्याचे कारण नाही. छापला गेला म्हणूनच तो तपासता आला. मात्र नियमाबरोबर त्याचे जन्मस्थान, तेथील माती आणि त्याच्या मर्यादा याही वाटल्या गेल्या पाहिजेत. आणि यशाबरोबर अपयशही. पंजाबच्या गाळाच्या जमिनीवरचा पाया विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या कापसाच्या जमिनीला चालत नाही. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. रस्त्यांच्या बाबतीत ही गरज ओळखणाऱ्या समितीचे अध्यक्ष आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. १९२७ साली नेमलेल्या त्या समितीच्या कामातून पुढे १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस उभी राहिली, आणि प्रांतोप्रांतीच्या रस्ते-इंजिनिअरांचे अनुभव एका ठिकाणी येऊ लागले.

कोणी म्हणेल, ही इंजिनिअरांची आपसातील गोष्ट झाली. आम्हां नागरिकांचा येथे काय संबंध? पुण्यात १२ जुलै १९६१ पाहिलेल्या पिढीने हा प्रश्न विचारला नसता. त्या दिवशी बांधकाम पुरे न झालेले पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही गेले, आणि नदीकाठचे पुणे पाण्याखाली बुडाले. त्यावर चौकशी आयोग बसला, अहवाल झाला. अशा अहवालाचे वाचक कोण, हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो. तो केवळ दोष कोणाचा हे ठरविण्यासाठी वाचला गेला, तर खटल्याचे कागद म्हणून एक दिवस बंद होईल. पुढचे धरण बांधणाऱ्याने तो वाचला, तर त्याचे मोल राहील. जगभरच्या मोठ्या धरणांची आंतरराष्ट्रीय संस्था १९२८ साली स्थापन झाली. धरणांच्या अपघातांपासून मिळणारे धडे तिने मुद्दाम एकत्र करून प्रसिद्ध केले. आपल्याकडे २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने मोठ्या धरणांच्या देखरेखीच्या आणि तेथे घडणाऱ्या अपघातांच्या नोंदी ठेवणे बंधनकारक केले आहे. पानशेतनंतर साठ वर्षांनी का होईना, हे झाले, ते चांगले झाले.

परंतु नोंद ठेवणे निराळे आणि ती गरजूच्या हाती पडणे निराळे. तालुक्याच्या गावी छोटा पूल बांधणाऱ्या तरुण इंजिनिअरला लागणारे ग्रंथ, मानके आणि जुने अहवाल सहज मिळतात काय? मिळाले तरी ते इंग्रजीत. ज्या मुकादमाच्या आणि गवंड्याच्या हातून काम उतरावयाचे, त्याला त्यातले काय कळते? काँक्रीटवर पाणी किती दिवस मारावे, हे त्याला त्याच्या भाषेत कारणासह सांगितले गेले नाही, तर उत्तम मानकही कागदावरच राहते. टेलफर्ड स्वतः गवंडी होता, हे येथे विसरून चालणार नाही.

आपल्या गावाच्या ग्रंथालयात कथा-कादंबऱ्या आहेत, संतवाङ्मय आहे. गावाला पाणी देणाऱ्या धरणाचा वृत्तांत, नदीच्या पुराच्या नोंदी, पुलाच्या बांधकामाची माहिती यांचेही एक कपाट तेथे का असू नये? निवृत्त इंजिनिअरांनी आपली टिपणे तेथे द्यावीत, आणि त्यांत जे फसले तेही लिहून ठेवावे. ज्यांच्या जिवाशी या विद्येचा संबंध आहे, त्या आपण नागरिकांनी हे कपाट मागितले पाहिजे. ही मागणी या व्याख्यानमालेतून पुढे गेली, तर आजची संध्याकाळ सार्थकी लागली, असे आम्ही समजू.