साहेबांच्या खुर्चीचा मागोवा

मीरा-भाईंदरच्या पश्चिम टोकाला, उत्तन आणि डोंगरीच्या शेजारी चौक हे कोळ्यांचे गाव आहे. हा सारा भूभाग जुन्या कागदांत धारावी बेट म्हणून येतो. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला वसईची खाडी आणि खाडीपलीकडे वसईचा किल्ला. गावाजवळच्या धारावी किल्ल्याच्या अवशेषांपाशी आता चिमाजी अप्पांचे स्मारक आहे. या लहानशा गावावर गेल्या पाच शतकांत पोर्तुगीज कप्तानाने, पेशव्यांच्या सरसुभेदाराने, ईस्ट इंडिया कंपनीच्या कलेक्टराने, इंग्लंडात परीक्षा देऊन आलेल्या सनदी अधिकाऱ्याने आणि अखेरीस महापालिका आयुक्ताने अंमल चालवला. आज सचिवालयांतून आणि प्रशिक्षण संस्थांतून सरकारी कामाचे पुढे काय होणार, यावर चर्चा झडतात. कृत्रिम बुद्धिमत्ता टिप्पणी लिहील का, कारकून उरेल का, कायम नोकरी राहील का, असे प्रश्न वरिष्ठ अधिकारी विचारतात. प्रश्न नवे वाटतात, पण वरच्या खुर्चीने खालचे काम कसे घडवावे हा त्यांचा गाभा फार जुना आहे. त्याचा माग काढत आपण याच किनाऱ्यावरून निघू.

सुरुवात १५३४ पासून करू. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने त्या वर्षी तहाने वसई आणि तिच्या आसपासचा मुलूख पोर्तुगीजांच्या हवाली केला. वीस वर्षांनी, १५५४ मध्ये, सिमाव बोतेल्यु नावाच्या महसूल अधिकाऱ्याने पोर्तुगीज हिंदुस्थानच्या उत्पन्नाची एक मोठी नोंदवही सिद्ध केली. ‘तोंबो’ या नावाने ती प्रसिद्ध आहे आणि वसईकडच्या उत्पन्नाचा हिशेब तिच्यात सापडतो. एका वरिष्ठ अधिकाऱ्याने विखुरलेली माहिती एका बांधणीत आणली, ही या किनाऱ्यावरच्या दप्तरी कारभारातली आरंभीची मोठी घटना. मात्र बोतेल्युची वही जितकी शिस्तीची, तितकी कप्तानपदाची रीत बेशिस्तीची होती. कप्तानपद बहुधा तीन वर्षांसाठी, राजाच्या मर्जीचे बक्षीस म्हणून मिळे. तीन वर्षांत घरी न्यायचे ते मिळवायचे, हा हिशेब त्या पदातच बसलेला होता. खुर्चीची मुदत कामाला कसे वळण लावते, याचा हा पहिला दाखला पुढे आपल्या कामी येईल.

१७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत धारावी बेट आणि मागोमाग वसई मराठ्यांकडे आली. शंकराजी केशव यांच्याकडे वसईचा सरसुभा गेला आणि खाडीच्या दोन्ही तीरांवर पेशवाई कारभाराची घडी बसू लागली. ही घडी बारकाईने पाहण्याजोगी आहे. महालावर कमाविसदार किंवा मामलतदार असे, पण त्याच्याभोवती दिवाण, मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार, चिटणीस, पोतनीस अशा दरखदारांचे कडे असे. हे दरखदार बहुधा वंशपरंपरेचे आणि त्यांना काढून टाकण्याचा अधिकार मामलतदाराला नसे. त्यांच्या नोंदीवाचून आणि शेऱ्यावाचून हिशेब पुरा होत नसे. पुण्याच्या हुजूर दफ्तरात नाना फडणिसांच्या काळात दोनशेहून अधिक कारकून काम करीत आणि गावोगावचे हिशेब तिथे येऊन जुळत. मग दुसरा बाजीराव आला. त्याच्या काळात महाल मक्त्याने दिले जाऊ लागले. जास्त बोली लावणाऱ्याला वसुली मिळाली आणि पुण्यात हिशेब तपासण्याची गरजच उरली नाही. जे दफ्तर कित्येक दशके जवळजवळ अखंड चालले होते, त्याची वाताहत झाली. काम बाहेर दिले की आधी नोंद ढासळते, हा धडा त्या मक्त्यांनी शिकवला.

साष्टीची, म्हणजे ठाण्यापासूनच्या या किनाऱ्याची, गोष्ट मात्र पुण्याच्या बरीच आधी वेगळी झाली. डिसेंबर १७७४ मध्ये कंपनीने ठाण्याचा किल्ला जिंकला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टीवरचा तिचा ताबा पक्का झाला. बंगालमध्ये वॉरन हेस्टिंग्जने कलेक्टर हे पद १७७२ मध्येच निर्माण केले होते. तेच पद पुढे या भागातही आले. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने दख्खनचा कारभार हाती घेतला. जुने मोडून नवे मांडण्याची घाई त्याने टाळली. मक्ते बंद केले, मामलतदाराला ठेवले पण पगारावर, आणि जुनी चाल समजून घेण्यासाठी १८१९ मध्ये सविस्तर अहवाल लिहिला. रॉबर्टसन, पॉटिंजर, ब्रिग्ज, चॅप्लिन यांच्यासारखे अधिकारी त्याने जिल्ह्यांवर नेमले. चिटणीस, मामलतदार, कारकून ही पेशवाईची पदे इंग्रजी कचेरीत कशी टिकली, याचे उत्तर एल्फिन्स्टनच्या या सबुरीत आहे.

यानंतर येते या साऱ्या इतिहासातली सर्वांत बोलकी फसगत. आर. के. प्रिंगल हा तरुण अधिकारी इंग्लंडातल्या हेलीबरीच्या कॉलेजातून आला होता. तिथे अर्थशास्त्र शिकवायला खुद्द माल्थस होते. जमिनीच्या निव्वळ उत्पन्नाचा नेमका हिशेब काढून त्यावर सारा बसवायचा, या सिद्धांतावर त्याने १८२० च्या दशकाच्या अखेरीस दख्खनची मोजणी आरंभली. कागदावर ती निर्दोष होती. पण शेकडो गावांची प्रत ठरवायची ती खालच्या कारकुनांच्या हातून. त्यांच्यावर देखरेख नव्हती आणि पद्धत इतकी गुंतागुंतीची की चूक कुठे झाली हे वर कळायला मार्ग नव्हता. आकडे खोटे निघाले, सारा अवाच्या सवा बसला, शेतकऱ्यांनी जमिनी टाकल्या. १८३५ च्या सुमारास इंदापुरात हेन्री गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी वेगळी वाट धरली. जमिनीचे नऊ वर्ग, त्यांचे मोल आण्यांत, शेताला सर्व्हे नंबर, बांधावर दगड आणि तीस वर्षांचा ठराव. ही पद्धत कारकुनाला करता येई, शेतकऱ्याला समजे आणि साहेबाला शेतात उभे राहून तपासता येई. म्हणून ती टिकली. १८४७ मध्ये तिची नियमावली झाली आणि आपल्या सातबाऱ्यातला सर्व्हे नंबर हा तिचाच वंशज आहे.

कचेरीतली एक सही किती लांब पोचते, याचा नमुना चौकच्या शेजारीच आहे. १८७० मध्ये सरकारने भाईंदर, मिरे आणि घोडबंदर या गावांचा पट्टा रामचंद्र लक्ष्मणजी यांना ९९९ वर्षांसाठी दिला. समुद्राचे पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध राखण्याची जबाबदारी त्या व्यवहाराशी जोडलेली होती. भातशेती गेली, इमारती आल्या, पट्टा हस्तांतरित झाला आणि त्यावरचे वाद न्यायालयांपर्यंत पोचले. सही करणारा बदलून गेला, तरी तिच्या परिणामांशी लोक पिढ्यान्‌पिढ्या झगडत राहिले. याच काळात, १८८३ मध्ये, महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ सिद्ध केला. गोरा साहेब वर बसतो आणि शेतकऱ्याची गाठ प्रत्यक्षात पडते ती कागद वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या ब्राह्मण कामगाराशी, हे त्यांनी परखडपणे दाखवले. वरची खुर्ची आणि शेवटचे टेबल यांच्यातली दरी कोणी इतक्या नेमकेपणाने मांडली नव्हती.

ही दरी बुजवण्याचा इंग्रजी उपाय दुहेरी होता. १८५५ पासून सनदी नोकरीसाठी लंडनमध्ये स्पर्धापरीक्षा सुरू झाली. १८६३ मध्ये ती उत्तीर्ण होणारे पहिले भारतीय सत्येंद्रनाथ टागोर मुंबई इलाख्यातच नोकरीला आले. ही झाली निवड. दुसरा भाग दौऱ्याचा. पावसाळा संपला की असिस्टंट कलेक्टर तंबू घेऊन तालुक्यात फिरे आणि गावचे दप्तर गावातच तपासले जाई. १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी आली आणि एफ. जी. एच. अँडरसन या सनदी अधिकाऱ्याने गावनमुन्यांची जी नियमपुस्तिका रचली, ती ‘अँडरसन मॅन्युअल’ म्हणून महसूल खात्यात आजही ओळखली जाते. तलाठ्याने कोणत्या रकान्यात काय लिहावे, हे एका आय.सी.एस. अधिकाऱ्याने स्वतः ठरवले, यातच त्या पुस्तकाच्या दीर्घायुष्याचे कारण आहे.

स्वातंत्र्याच्या सुमारास साहेब देशी झाला. २१ एप्रिल १९४७ रोजी सरदार पटेलांनी दिल्लीत नव्या प्रशासकीय सेवेच्या उमेदवारांपुढे भाषण केले आणि तो दिवस आज नागरी सेवा दिन म्हणून पाळला जातो. पण गावाच्या दृष्टीने मोठा बदल खाली घडला. मुंबई राज्याच्या कायद्याने १९५१ मध्ये कुलकर्णी वतने संपली. १९६३ च्या आरंभी मुलकी पाटलाचे पदही गेले. वंशाने आलेल्या लेखणीच्या जागी पगारी, बदलीचा तलाठी आला. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि लोकांनी निवडलेल्या सभागृहापुढे उत्तर देणारा अधिकारी घडू लागला. १९६३ मध्ये राज्याने अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी संस्था काढली. आज पुण्यात यशदा या नावाने आपण तिला ओळखतो.

१९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात अहमदनगरच्या, आजच्या अहिल्यानगरच्या, जिल्हाधिकारी कचेरीत अनिलकुमार लखीना यांनी जे केले, त्याला आजही ‘लखीना पॅटर्न’ म्हणतात. त्यांनी जुन्या कागदांची वर्गवारी केली, बैठकव्यवस्था बदलली, कोणते काम कोणत्या टेबलावर हे ठरवले आणि येणाऱ्या माणसाला समोर खिडकी दिली. इथे संगणक नव्हता, नवा कायदाही नव्हता. जिल्हाधिकारी स्वतः कारकुनाच्या गठ्ठ्यांपर्यंत उतरला, एवढेच भांडवल होते. पुढे अण्णा हजारे यांच्या आंदोलनांच्या पार्श्वभूमीवर २००५ चा कायदा आला. लोक त्याला दप्तर दिरंगाई कायदा म्हणतात. फाईल एका कर्मचाऱ्याकडे साधारणपणे सात कामकाजी दिवसांहून अधिक पडून राहू नये, असे तो सांगतो. त्याच कायद्याचा दुसरा अर्धा भाग बदल्यांचा आहे आणि एका पदावरचा नेहमीचा कार्यकाळ तो तीन वर्षे ठरवतो. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली, कागदांचे ढीग जळाले आणि ई-ऑफिसची निकड सर्वांना पटली. २०१५ मध्ये लोकसेवा हक्क कायदा आला. २०१७ मध्ये पुण्याचे विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी ‘झिरो पेंडन्सी’चा धडाका लावला. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला.

या अवधीत चौकच्या साहेबाचा पत्ताही बदलत गेला. १९८५ मध्ये ग्रामपंचायती एकत्र करून मीरा-भाईंदर नगरपरिषद झाली, पुढे उत्तन-डोंगरीकडची गावे तिच्यात आली आणि २००२ मध्ये महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ८,०९,३७८ होती. ऑगस्ट २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला आणि खाडीपलीकडची वसई ठाण्यापासून वेगळी झाली. १ ऑक्टोबर २०२० रोजी मात्र पोलीस आयुक्तालयाने दोन्ही तीर पुन्हा एका अधिकाऱ्याखाली आणले. सदानंद दाते तिथले पहिले आयुक्त.

आता आपण वर्तमानात पोचलो. २०२५ मध्ये राज्य सरकारने आधी शंभर आणि मग दीडशे दिवसांचा कार्यक्रम हाती घेतला. संकेतस्थळ, ई-ऑफिस, डॅशबोर्ड, चॅटबॉट आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांवर कचेऱ्यांना गुण मिळू लागले. पोलिसांसाठी ‘मार्वल’ ही कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रणा २०२४ मध्येच उभी राहिली होती. नोकरीचे स्वरूपही वादात आहे. नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांच्या पेन्शनसाठी मार्च २०२३ मध्ये राज्यभर संप झाला. त्याच वर्षी खासगी संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा शासन निर्णय सप्टेंबरमध्ये निघाला आणि ऑक्टोबरमध्ये रद्द झाला. तलाठ्यांच्या ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले तेही २०२३ मध्येच. बाजीरावाच्या मक्त्यांचा इतिहास ठाऊक असलेल्याला कंत्राटाचा हा पेच ओळखीचा वाटेल.

कृत्रिम बुद्धिमत्तेपुढेही दोन जुन्या वाटा आहेत, प्रिंगलची आणि गोल्डस्मिड-विंगेटची. वर सुंदर दिसणारे पण खाली कोणाला न उमगणारे गणित उभारता येते, किंवा तलाठ्याला चालवता येईल, कोळणीला समजेल आणि आयुक्ताला जागेवर जाऊन पडताळता येईल अशी साधी पद्धत. दुसरी वाट वेळ मागते. इंदापूरची पद्धत नियमावलीपर्यंत पोचायला बारा वर्षे लागली, आणि तीन वर्षांच्या कप्तानाने काय केले हे वसईने पाहिले आहे. मुदत कमी असेल तर प्रामाणिक अधिकारीही गुण मिळवून देणाऱ्या गोष्टींकडेच वळतो. म्हणून २००५ च्या कायद्याचे दोन्ही अर्धे एकत्र वाचायला हवेत. फाईल किती दिवस अडकली हे ज्या डॅशबोर्डवर दिसते, त्याच डॅशबोर्डवर अधिकारी त्या खुर्चीत किती महिने टिकला आणि त्यातले किती दिवस त्याने गावात काढले, हेही लोकांना दिसले पाहिजे.