हकिकतीसकट सायकल

माझ्या पणजोबांनी सायकल शिकण्यासाठी पंधरा रुपये मोजले होते, असं आजोबा सांगायचे. सांगताना त्यांच्या आवाजात अभिमान असायचा आणि थोडी हळहळही, कारण तेवढ्या पैशांत त्या काळी घरात काय काय आलं असतं, हे पणजीने जन्मभर ऐकवलं होतं. ही शिकवणी झाली बेळगावात, किर्लोस्करांच्या दुकानात. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. ते तिकडे सायकली विकत घेऊन बेळगावला पाठवायचे आणि थोरले बंधू रामुअण्णा त्या विकायचे, वर बसून चालवायलाही शिकवायचे. १८८८ साली सुरू झालेल्या त्या दुकानातून पुढे लोखंडी नांगर, पंप, किर्लोस्करवाडी असा केवढा तरी पसारा उभा राहिला. नांगराची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. आमच्या घरात मात्र किर्लोस्कर म्हटलं की सायकलच आठवायची.

पणजोबांची सायकल कुणी पाहिलेली नाही. ती कुठल्या कंपनीची होती, कुणाला विकली, हे विचारायचं राहून गेलं आणि सांगणारे गेले. जुन्या सायकली गोळा करायला लागल्यापासून मी म्हणूनच एक पथ्य पाळतो: सायकल घ्यायची ती तिच्या हकिकतीसकट.

आम्ही चौघे मित्र या नादात आहोत. एक बँकेतून निवृत्त झालेला, एक वकील, एक वाईचा शेतकरी आणि मी. पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार ही आमची शाळा. बुधवार आणि रविवार हे त्याचे वार. उजाडता उजाडता पोचलं तर गोणपाटावर माल मांडला जात असतो, विक्रेत्याची भवानी व्हायची असते आणि भाव जरा बरा मिळतो. नळाच्या तोट्या, कुलपं, पितळी समया यांच्या ढिगात एखादी लुकासची घंटी सापडते, ब्रुक्सची कातडी सीट सापडते, नगरपालिकेचा सायकलकराचा बिल्ला सापडतो. कर भरला की हा बिल्ला मिळायचा आणि तो सायकलीला लावून हिंडावं लागायचं. रात्री दिवा नसेल तर पोलीस चाकाची हवा सोडायचा, ही आठवण तर पुण्यातल्या प्रत्येक म्हाताऱ्याकडे आहे.

बाजारातला आमचा नियम एकच. ज्याने वस्तूवर आधी हात ठेवला ती त्याची, दुसऱ्याने मधे बोलायचं नाही. मग दिवाळीनंतरच्या एखाद्या रविवारी वाईच्या मित्राच्या अंगणात सगळ्यांचा माल पसरायचा आणि अदलाबदल करायची. तुझ्याकडे हंबरचा जोडनळ्यांचा चिमटा आहे, माझ्याकडे नुसती हंबरची फ्रेम पडून आहे. माझ्याकडे दोन डायनामो आहेत, तुला एक हवा आहे. नफा घ्यायचा नाही, पडली त्या किमतीला द्यायचं. आता आसपासच्या गावांतूनही लोक येतात. मिसळ-चहा होतो, आवाज चढतात, सौदे मोडतात आणि जेवणाच्या पानावर पुन्हा जुळतात.

पारख करायला शिकवलं ते उस्तादांनी. आमचे हे मिस्त्री ऐंशी ओलांडलेले. लहानपणी एका दुकानात छर्रे धुण्याच्या कामाला लागले आणि तिथेच घडले. हँडल, रिम, क्रँक सगळं मुळातच काळ्या रंगाचं दिसलं, तर ती सायकल दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली असू शकते, हे त्यांनीच सांगितलं. तेव्हा इंग्लंडात क्रोमची टंचाई होती. लढाई संपल्यावर लष्कराचा माल खडकी-देहूरोडकडून लिलावात निघायचा आणि त्यात बीएसएची घडीची सायकल यायची, असं त्यांच्या मालकांनी त्यांना सांगितलेलं. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, मूळची बंदुकांची कंपनी. तिच्या बिल्ल्यावरही एकमेकींना टेकवलेल्या तीन बंदुका आहेत. तिने छत्रीधारी सैनिकांसाठी ही सायकल बनवली. जोडनळ्यांची लंबगोल फ्रेम, मधे बिजागऱ्या, हाताने फिरवायचे मोठे नट. कर्वेनगरातल्या विक्रम पेंडसे यांच्या सायकल संग्रहालयात ती बघायला मिळते. जाऊन जरूर पाहावी.

उस्तादांची दुसरी शिकवण पाणशेतच्या पुराची. १२ जुलै १९६१ रोजी धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्यात गेल्या. पाणी ओसरल्यावर लोक चिखलातून सायकली उपसून दुकानात आणत होते. दोन-दोन दिवस रॉकेलमध्ये भिजत घातल्यावर हब सुटायचे. आज बाजारात गंजलेली कुठलीही सायकल दाखवून विक्रेता म्हणतो, “साहेब, पाणशेतच्या पुरातली आहे.” उस्ताद काही न बोलता कॉटर ठोकून काढतात, क्रँक उतरवतात, क्रँकचा आस फिरतो ती बीबी उघडतात. नारायण पेठेतल्या एका सायकलीच्या बीबीत खरोखर मैद्यासारखा बारीक, सुकून घट्ट झालेला गाळ निघाला होता. पुरानंतर तिला कुणी उघडलंच नव्हतं. तिची मागितलेली किंमत आम्ही दिली.

ऐकलेली गोष्ट लोखंडावर ताडून पाहायची हे मी तिथे शिकलो. विलायती सायकलींच्या गोष्टीही अशाच ताडाव्या लागतात. स्वातंत्र्यानंतर बाहेरचा माल येणं आटत गेलं आणि सायकली इथेच बनू लागल्या. मद्रासला १९४९ मध्ये टीआय सायकल्स निघाली आणि हर्क्युलिस तिथे तयार होऊ लागली. आसनसोलला सेन-रॅले, सोनिपतला १९५१ मध्ये अॅटलस, लुधियान्याला १९५६ मध्ये हिरो. घरोघरी ‘आजोबांची विलायती रॅले’ म्हणून जी दाखवतात ती पुष्कळदा आसनसोलची निघते. माझ्या लेखी त्यात काही कमी नाही. दुधाच्या किटल्या अडकवून अडकवून कॅरिअर वाकलेली आसनसोलची सायकल मला रॅलेच्या मूळ गावच्या, नॉटिंगहॅमच्या चकाचक सायकलीपेक्षा मोलाची वाटते. तिने एक घर चालवलेलं असतं.

काही वर्षांपूर्वी सदाशिव पेठेतला एक वाडा पाडायला निघाला आणि जिन्याखाली एक लेडीज सायकल असल्याचा निरोप आला. मालकीण निवृत्त शिक्षिका, वय नव्वदीच्या घरात. सगळी आळी त्यांना बाईच म्हणते. सायकल नॉटिंगहॅमची होती यात शंका नव्हती. पुढच्या दात्यांच्या चक्रात रॅलेच्या बगळ्यांची तीन डोकी कोरलेली होती. मागच्या मडगार्डच्या दोन्ही कडांना बारीक भोकांची रांग होती. साडीचा पदर चाकात जाऊ नये म्हणून त्या भोकांतून दोरीची जाळी ओवायची असते. जाळी केव्हाच विरली होती, पण दोन भोकांत दोऱ्याचे तंतू अजून अडकलेले होते.

“शेहेचाळीस साली वडिलांनी घेतली,” बाई म्हणाल्या. “मी मॅट्रिकला होते. गल्लीतली पोरं मागे पळायची, म्हातारे ओट्यावरून बघायचे. वडील म्हणाले, बघू देत, आपोआप थांबतील. आणि थांबले.”

बँकवाल्या मित्राने तोवर मागचा हब रॉकेलच्या फडक्याने पुसला होता. स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब. त्यावर सालाचे आकडे ठोकलेले असतात. काळं वंगण निघालं तसे आधी एडब्ल्यू ही अक्षरं दिसली, मग ५४. तो माझ्या कानात म्हणाला, “आठ वर्षांचा फरक पडतोय. बाईंच्या लक्षात राहिलेलं नाही.”

मला ते तिथेच सोडून द्यायचं नव्हतं. विचारलं, “बाई, हे मागचं चाक पहिल्यापासूनचं आहे का हो?”

“ते होय! ते दादाने आणलं. विलायतेला शिकायला होता. परत येताना बोटीने आणलंन. मला तेव्हा शाळेत नोकरी लागली होती आणि येता-जाता चढ लागायचा. पहिलं चाक माळ्यावर असेल बघ.”

वकील माळ्यावर चढला. जुन्या पाटांच्या मागे चाक होतं, पुढच्या चाकाच्याच घडणीचं, आणि रिमवर तोच गंज. बाईंची आठवण सालासकट खरी होती. शेहेचाळीसची सायकल, चोपन्नचा हब आणि मधे धाकट्या बहिणीची काळजी करणारा भाऊ, हे सगळं त्या एका सायकलीत होतं. भाव विचारला तेव्हा बाईंनी पैसे नाकारले. घरी कामाला येणाऱ्या मावशींच्या नातीची शाळा लांब होती. तिला एक चालती, मजबूत लेडीज सायकल आणून द्या आणि ही घेऊन जा, म्हणाल्या. चार दिवसांत ती मुलगी नव्या सायकलीवरून शाळेत जायला लागली. आम्ही केलेल्या अदलाबदलींत इतका चोख व्यवहार दुसरा झालेला नाही.

त्या साली वाईच्या अंगणात चोपन्नचा हब बघून दोघांनी तो मागितला. एकाने बदल्यात ब्रुक्सची सीट आणि दिव्यांचा जोड देऊ केला. मालाच्या हिशेबाने तो देकार भारी होता. मी नाही म्हटलं आणि मित्रांनी मला उचलून धरलं. सुट्या भागांचा व्यापार आम्ही आनंदाने करतो, पण ज्याची हकिकत फ्रेमला बांधलेली आहे तो भाग फ्रेमपासून तोडायचा नाही, असं त्या दिवशी ठरलं. तेव्हापासून आमच्याकडून जाणाऱ्या प्रत्येक सायकलीच्या सीटखाली जाड कागदाची चिठ्ठी बांधलेली असते: कुठल्या घरची, कुणी घेतली, काय बदललं, कुणी सांगितलं.

तुमच्या घरी जिन्याखाली किंवा माळ्यावर अशी सायकल असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाला तिच्याजवळ आणून बसवा आणि तो सांगेल ते लिहून घ्या. चेनकव्हर, दिवा, बिल्ला, सुटं चाक काही टाकू नका. धूळ पुसा, तेल द्या, हवा भरून पाहा. रंग मात्र देऊ नका.